चार नॅनोग्रॅमची रेषा : एका प्रथिनाचा इतिहास

इ. स. १९७४. स्वीडनच्या दक्षिण टोकावरील माल्मो शहरातल्या मध्यमवयीन नागरिकांना आरोग्यतपासणीची निमंत्रणे गेली. हृदयविकार, मधुमेह आणि मद्यपानाचे दुष्परिणाम वेळेत ओळखावेत, एवढाच त्या उपक्रमाचा हेतू होता. १९८६ पर्यंत २७ ते ५२ वर्षे वयाचे २१,००० हून अधिक पुरुष तेथे येऊन रक्त देऊन गेले. ठरलेल्या चाचण्या झाल्या आणि उरलेला रक्तद्रव नळ्यांत भरून गोठवून ठेवण्यात आला.

पहिल्या नळ्या शीतपेटीत गेल्या, तेव्हा त्यांतील एका प्रथिनाला आजचे नाव मिळालेले नव्हते. ते रक्तात सापडू शकते, हेही कोणी दाखवून दिलेले नव्हते. तीस वर्षांनी मात्र याच नळ्यांनी त्या प्रथिनाविषयीचा वाद नव्याने मांडायला लावला. त्या प्रथिनाच्या इतिहासाचा हा दीर्घ धागा.

प्रथिनाचे नाव प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन, म्हणजेच पीएसए. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या रक्ततपासणीचा अहवाल पाहिला, तर हे नाव आणि त्यापुढे ‘० ते ४’ असा पट्टा बहुधा छापलेला आढळतो. हा ४ चा आकडा आला कोठून, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे नेमके काय असते, या दोन प्रश्नांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वैद्यकाचा बराच इतिहास दडलेला आहे.

प्रोस्टेट ही जुन्या मराठी ग्रंथांतील पुरःस्थ ग्रंथी. मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली, अक्रोडाएवढी. वीर्यातील द्रवाचा एक भाग ती तयार करते. वय वाढते तशी तीही वाढते, आणि म्हातारपणी लघवीला त्रास होण्यामागे बहुतेकदा हीच निरुपद्रवी वाढ असते. तिचा कर्करोग ही निराळी गोष्ट, पण बाहेरून पाहता दोहोंतील फरक सहज कळत नाही. पुढच्या साऱ्या गुंत्याचे मूळ येथेच आहे.

१९३५ हे वर्ष येथे दोन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जर्मनीत कुट्शर आणि वोल्बर्ग्स या संशोधकांना प्रोस्टेटमध्ये ॲसिड फॉस्फेटेज नावाचे विकर विलक्षण प्रमाणात आढळले. त्याच वर्षी अमेरिकेत आर्नॉल्ड रिच या विकृतिशास्त्रज्ञाने शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भलत्याच कारणांनी मेलेल्या अनेक पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाचे लहान ठिपके होते. जिवंतपणी त्या ठिपक्यांनी त्यांना कसलाही उपद्रव दिला नव्हता.

पहिल्या शोधाला लगेच वारसदार मिळाले. दुसरा शोध शास्त्रीय नियतकालिकांत राहिला, आणि त्याची खरी किंमत कळायला सत्तर वर्षे जावी लागली.

विकराचा धागा न्यूयॉर्कमध्ये एथेल आणि अलेक्झांडर गटमन या दांपत्याने उचलला. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की तेथील गाठींतही हेच विकर सापडते, हे त्यांच्या चमूने १९३६ मध्ये दाखवले. १९३८ मध्ये त्यांनी ते रुग्णांच्या रक्तातही वाढलेले असल्याचे सिद्ध केले. कर्करोगाची खूण रक्तातून वाचण्याचा हा पहिल्या काही ठोस प्रयत्नांपैकी एक. लंडनच्या बेन्स जोन्सने १८४० च्या दशकात मूत्रातील एका विचित्र प्रथिनाचा संबंध अस्थिमज्जेच्या रोगाशी जोडला होता, पण त्यानंतर या वाटेने फारसे कोणी गेले नव्हते.

मग चार्ल्स हगिन्स. शिकागो विद्यापीठातील या शल्यविशारदाने क्लॅरेन्स हॉजेस या सहकाऱ्यासह १९४१ मध्ये दाखवले की, वृषणे काढली अथवा स्त्रीसंप्रेरक दिले, तर हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग माघार घेतो. हे त्यांना कळले कशावरून? रक्तातील ॲसिड फॉस्फेटेजच्या उतरत्या आकड्यांवरून. या कार्यासाठी हगिन्सना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गटमन दांपत्याची मोजपट्टी हाती नसती, तर हा परिणाम इतक्या स्वच्छपणे दिसला नसता. मोजपट्टी घडवणाऱ्यांची नावे मात्र आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतात.

या विकराची मर्यादा उघड होती. ते रक्तात ठळकपणे वाढे तोवर रोग बहुधा हाडांत पोचलेला असे. उपचाराचा परिणाम त्याने सांगता येई, वेळीच इशारा देणे त्याला जमत नसे.

पीएसएचा शोध कोणी लावला, या प्रश्नाला एक उत्तर नाही. जपानमधील मित्सुओ हारा वीर्याचा अभ्यास न्यायवैद्यकाच्या अंगाने करीत होते. १९७१ मध्ये त्यांनी वीर्यातील एका प्रथिनाला ‘गॅमा-सेमिनोप्रोटीन’ असे नाव दिले. १९७३ मध्ये ली आणि बेलिंग यांनी वंध्यत्वाच्या संशोधनातून तेच प्रथिन वेगळ्या नावाने नोंदवले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्ज सेन्साबॉ यांनी त्याला ‘पी३०’ म्हटले. बलात्काराच्या गुन्ह्यांत वीर्याचा पुरावा शोधण्यासाठी ते उपयोगी पडावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात, हे प्रथिन मात्र असते.

या सर्वांच्या आधी, १९७० मध्ये, अमेरिकेत रिचर्ड ॲब्लिन आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या ऊतकातील विशिष्ट प्रतिजनांची नोंद केली होती. मात्र ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत मिंग चू यांच्या चमूने १९७९ मध्ये केले. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेने ते रुग्णांच्या रक्तात मोजून दाखवले. ‘प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन’ हे नाव रूढ झाले ते येथून. हारा, सेन्साबॉ आणि चू यांच्या हाती आलेली वस्तू एकच होती, हे नंतर सिद्ध झाले. न्यायवैद्यक, प्रजननशास्त्र आणि कर्करोगशास्त्र अशा तीन खोल्यांतून एकाच अंगणात उघडणारी ही दारे होती. ‘शोध’ हा शब्द इतिहासलेखनात किती सैलपणे वापरला जातो, त्याचे हे चांगले उदाहरण.

या प्रथिनाचे मूळ काम काय, हे १९८५ मध्ये स्वीडनच्या हान्स लिल्या यांनी उलगडले. स्खलनानंतर वीर्य आधी गोठते आणि थोड्या वेळाने पातळ होते. गोठवणाऱ्या प्रथिनाचे तुकडे करून वीर्य पातळ करणारे विकर म्हणजेच पीएसए. वीर्यात ते रक्ताच्या सुमारे दहा लाख पट असते. रक्तात ते असायचे कारणच नाही. तेथे सापडते ती गळती.

गळती का होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कर्करोगाची पेशी निरोगी पेशीपेक्षा अधिक पीएसए बनवते, असे नाही. उलट बहुधा ती कमीच बनवते. पण कर्करोगाने ग्रंथीच्या नलिकांची रचना मोडते, आणि वीर्याकडे जायचे ते प्रथिन रक्तात झिरपते. निरुपद्रवी वाढीनेही रक्तातील प्रमाण चढते, जंतुसंसर्गानेही चढते. नावातील ‘स्पेसिफिक’ हा शब्द प्रोस्टेटला लागू आहे, कर्करोगाला नाही. ही एक ओळ १९९० च्या दशकात प्रत्येक अहवालावर छापली गेली असती, तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

आरंभी मात्र या चाचणीला दिलेले काम अगदी योग्य होते. १९८६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली, ती निदान झालेल्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यासाठी. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डचे थॉमस स्टेमी यांनी ६९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या ॲसिड फॉस्फेटेजपेक्षा पीएसए कितीतरी संवेदनशील निघाले. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढली की रक्तातील पीएसए सुमारे २.२ दिवसांत निम्मे, असे करीत जवळपास शून्यावर येई. ग्रंथीच नाही, तर तिचे प्रथिन कोठून येणार? पुढे तो आकडा पुन्हा वर सरकला, तर रोग कोठे तरी शिल्लक आहे, हे निश्चित. प्रश्न स्वच्छ होता आणि उत्तरही.

यानंतर प्रश्न बदलला. १९९१ मध्ये सेंट लुईसचे विल्यम कॅटलोना यांनी पन्नाशी ओलांडलेल्या १,६५३ निरोगी पुरुषांचे पीएसए मोजले. ४.० ते ९.९ या टप्प्यातील ज्यांची बायोप्सी झाली, त्यांपैकी २२ टक्क्यांत कर्करोग मिळाला. १० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांत ६७ टक्क्यांत. आकडे प्रभावी होते. १९९४ मध्ये निरोगी पुरुषांत कर्करोग शोधण्यासाठीही चाचणीला मान्यता मिळाली. मर्यादा ठरली ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

हा ४ निसर्गाने आखून दिलेला नव्हता. चाचणी बनवणाऱ्या कंपनीच्या सुरुवातीच्या अभ्यासात निरोगी समजल्या गेलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांची मापे त्याच्या खाली होती, म्हणून तो ‘सामान्य’ ठरला. चारच्या खाली कर्करोग असतो की नाही, हे कोणी तपासलेच नव्हते. कारण चारच्या खाली असणाऱ्यांची बायोप्सी करण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते. नकाशावर पट्टीने ओढलेल्या सीमा पुढे खऱ्या वाटू लागतात, तसे या आकड्याचे झाले.

काळही अनुकूल होता. बॉल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ पासून मज्जातंतू वाचवून प्रोस्टेट काढण्याची पद्धत रूढ केली होती, त्यामुळे शस्त्रक्रियेची धास्ती ओसरली. १९९६ मध्ये इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी ‘फॉर्च्युन’ मासिकात स्वतःच्या आजाराची हकीकत सांगितली. १९९९ मध्ये तर अमेरिकी टपाल खात्याने वार्षिक तपासणीचा सल्ला देणारे तिकीट काढले. तिकडे प्रोस्टेट कर्करोगाच्या नव्या निदानांचा आलेख १९९२ मध्ये शिखरावर जाऊन आलेला होता. इतक्या अल्पावधीत रोग वाढला नव्हता. रिचने १९३५ मध्ये शवागारात पाहिलेले ते ठिपके आता जिवंत माणसांत सापडू लागले होते.

सापडले की काढायचे, हा त्या काळचा रिवाज. मज्जातंतू वाचवणारी पद्धत आली असली, तरी असंख्य पुरुषांच्या वाट्याला मूत्रनियंत्रण गमावणे आणि नपुंसकत्व आले. त्यांतील कित्येकांचा रोग त्यांना आयुष्यात कधीच उपद्रव देणार नव्हता. कोणाचा देणार नव्हता, हे मात्र सांगता येत नव्हते. वाचलेला प्रत्येक पुरुष चाचणीने आपला जीव वाचला असेच मानणार, आणि त्याला खोटे पाडता येणार नाही. शिवाय प्रोस्टेट कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून खरोखरच घटू लागले आणि दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आले. त्यात चाचणीचा वाटा किती आणि सुधारलेल्या उपचारांचा किती, याचा हिशेब अजूनही मतभेदाचा आहे. चाचणीला केवळ व्यापारी फसवणूक ठरवणाऱ्यांनी ही घट विसरू नये.

२००४ मध्ये चारची रेषा आतून ढासळली. इयान टॉम्प्सन यांच्या चमूकडे अनपेक्षित साधन आले होते. फिनास्टेराइड हे औषध कर्करोग टाळते का, हे पाहण्यासाठी १८,८८२ पुरुषांवर चाललेल्या चाचणीत अखेरीस, पीएसए कितीही असले तरी, बायोप्सी करायची असे ठरलेले होते. औषध न घेणाऱ्या गटातील २,९५० पुरुषांचे पीएसए सात वर्षांत एकदाही ४ च्या वर गेले नव्हते आणि बोटाने केलेली तपासणीही निर्दोष होती. त्यांपैकी १५.२ टक्क्यांत कर्करोग निघाला. त्यातील काहींत तर आक्रमक स्वरूपाचा. ज्याच्या खाली निर्धास्त राहावे असा आकडा कोठेच नव्हता. आकडा वाढत जाई तशी शक्यता वाढत जाई, एवढेच. याच माहितीवरून २००६ मध्ये वय, वंश, कुटुंबातील इतिहास आणि पीएसए एकत्र करून जोखीम टक्केवारीत सांगणारे गणित प्रसिद्ध झाले. ‘आहे की नाही’ याऐवजी ‘किती शक्यता’ हा प्रश्न येथून प्रतिष्ठित झाला.

त्याच २००४ मध्ये स्टेमी यांनी, ज्यांच्या १९८७ च्या लेखाने चाचणीला प्रतिष्ठा मिळवून दिली होती त्यांनीच, अमेरिकेतील पीएसएचे युग संपले असे जाहीर केले. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात आता पीएसएचा आकडा बहुतांशी ग्रंथीच्या निरुपद्रवी वाढीचेच माप सांगत होता. २०१० मध्ये ॲब्लिन यांनीही सरसकट तपासणीवर वृत्तपत्रातून कडाडून टीका केली. आपल्या हाताने लावलेल्या झाडाविरुद्ध साक्ष देणारे असे दोघे एकाच शास्त्रात सहसा सापडत नाहीत.

मधल्या काळात, मार्च २००९ मध्ये, दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच अंकात आले आणि परस्परविरोधी दिसले. सात देशांतील युरोपीय चाचणीत तपासणीमुळे मृत्यू २० टक्क्यांनी घटले होते. पण एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांची तपासणी आणि ४८ अधिक पुरुषांवर उपचार करावे लागत होते. अमेरिकी चाचणीत फरकच दिसला नाही. त्या चाचणीतील दोष आता सर्वमान्य आहे : ज्या गटाची तपासणी करायची नव्हती, त्यातील सुमारे निम्मे पुरुष दर वर्षी बाहेरून ती करून घेत होते. मीठ दोन्ही भांड्यांत पडल्यावर चवीतला फरक कसा कळणार? तरीही २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कृती दलाने सरसकट तपासणी करू नये, असा कौल दिला.

येथे माल्मोच्या नळ्या बाहेर आल्या. लिल्या आता कर्करोगशास्त्रात होते. न्यूयॉर्कचे संख्याशास्त्रज्ञ अँड्रू विकर्स यांच्यासह त्यांनी ते जुने रक्तद्रव मोजून स्वीडनच्या कर्करोग व मृत्यू नोंदवह्यांशी ताडून पाहिले. या साधनाचे मोल इतिहासाच्या अभ्यासकाला चटकन कळावे. ज्या काळात स्वीडनमध्ये पीएसए तपासणी नव्हतीच, त्या काळचा हा पुरावा. आकडा कोणी पाहिला नव्हता, म्हणून त्यावरून बायोप्सी झाली नव्हती, शस्त्रक्रिया झाली नव्हती. रोग आपल्या गतीने चालला आणि नोंदवहीत उतरला. अशी निर्दोष दप्तरे मुद्दाम तयार करता येत नाहीत.

निष्कर्ष असे. १९२१ मध्ये जन्मलेल्या आणि १९८१-८२ मध्ये, साठीला, रक्त दिलेल्या पुरुषांत पुढे वयाच्या ८५ पर्यंत प्रोस्टेट कर्करोगाने जे मृत्यू झाले, त्यांपैकी ९० टक्के सर्वाधिक पीएसए असलेल्या एक-चतुर्थांश पुरुषांत, म्हणजे २ च्या वर असणाऱ्यांत झाले. साठीला ज्यांचे पीएसए १ किंवा त्याहून कमी होते, त्यांच्या बाबतीत असा मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ०.२ टक्के निघाली. २०१३ मध्ये तरुण वयाचे उत्तर आले : ४५ ते ४९ वयात पीएसए सर्वाधिक असलेल्या एक-दशांश पुरुषांत पुढील पंचवीस-तीस वर्षांतील ४४ टक्के मृत्यू एकवटले होते. आज गाठ आहे का, हे सांगण्यात अडखळणारे प्रथिन पुढच्या पाव शतकाचा धोका बऱ्यापैकी सांगत होते. तेही चारच्या कितीतरी खालच्या आकड्यांवरून.

दरम्यान रसायनशास्त्रही पुढे गेले होते. रक्तातील बहुतेक पीएसए दुसऱ्या एका प्रथिनाला बांधलेले असते आणि कर्करोगात मोकळ्या पीएसएचे प्रमाण तुलनेने कमी असते, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी लिल्या आणि फिनलंडचे स्टेनमन यांनी दाखवले. त्यातून मोकळे, अखंड आणि अपरिपक्व पीएसए आणि त्याचे भावंड शोभणारे एक विकर एकत्र मोजणाऱ्या चाचण्या निघाल्या.

या शोधयात्रेत परळचेही एक पान आहे. मुंबईच्या प्रजनन संशोधन संस्थेत ए. आर. शेठ आणि सहकारी वीर्यातील एका छोट्या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. कॅनडातील सहकाऱ्यांसह त्यांनी १९८४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. संततिनियमनाशी संबंधित संप्रेरक म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले. ती अपेक्षा फळली नाही, कारण खरे ‘इनहिबिन’ निराळे निघाले. ९४ अमिनो आम्लांचे हे प्रथिन प्रोस्टेटमध्ये विपुल बनते. २००८ मध्ये जनुकसंचाच्या मोठ्या अभ्यासांत प्रोस्टेट कर्करोगाच्या जोखमीशी जोडलेल्या जागा शोधल्या गेल्या, तेव्हा त्यांतील एक नेमकी याच प्रथिनाच्या जनुकाशेजारी निघाली. हे प्रथिन कमी बनवणाऱ्यांत धोका अधिक.

ज्यांची गाठ सापडते त्यांचे काय करायचे, याचे उत्तर ब्रिटनमधून आले. पीएसएने शोधलेल्या कर्करोगाच्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ सक्रिय देखरेख अशा तीन गटांत विभागले होते. १५ वर्षांनी, २०२३ च्या अहवालात, या रोगाने दगावलेले पुरुष एकूण २.७ टक्के होते आणि तिन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखेच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. सापडले की काढायचे, हा जुना रिवाज त्याआधीच सैल होऊ लागला होता. युरोपीय चाचणीचा हिशेबही काळाने सुधारला : १६ वर्षांनंतर एका मृत्यूमागे ५७० पुरुषांना निमंत्रण आणि १८ अधिक निदाने. २०१८ मध्ये अमेरिकेच्या त्याच कृती दलाने आपला कौल मवाळ केला आणि ५५ ते ६९ वयात निर्णय पुरुषाने डॉक्टरांशी बोलून घ्यावा, असे म्हटले. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने पीएसए आणि त्यानंतर एमआरआय अशा क्रमाच्या तपासणीची व्यवहार्यता टप्प्याटप्प्याने पडताळून पाहण्याची शिफारस सदस्य देशांना केली.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. खासगी प्रयोगशाळांच्या ‘हेल्थ पॅकेज’मध्ये मात्र पीएसए सर्रास आढळते, आणि अहवालावर त्यासमोर बहुतेक ठिकाणी अजूनही ‘० ते ४’ हेच छापलेले असते.